पस सेल्स: दोन ते चार

दहिसर स्टेशनच्या पूर्वेला उतरा नाहीतर पश्चिमेला, भाजीवाले, मोबाइलची दुकानं आणि मेडिकल यांच्या दाटीत एखादी पॅथॉलॉजी लॅब दिसतेच. सकाळी उपाशीपोटी रक्त आणि लघवीची बाटली द्यायची, संध्याकाळी कामावरून येताना रिपोर्ट घ्यायचा. आता तर तो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो आणि डॉक्टरांच्या आधी घरातले सगळे तो वाचून काढतात. लघवीच्या रिपोर्टात एका ओळीपाशी वाचणारा हमखास अडखळतो. ‘पस सेल्स: २–४’.

पस म्हणजे पू, एवढं इंग्रजी सगळ्यांना येतं. मग लघवीत पू आला कुठून? डॉक्टर कागदावर नजर टाकतात, ‘नॉर्मल आहे’ म्हणतात आणि पुढच्या पेशंटला आत बोलावतात. ते खरंच नॉर्मल असतं. सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या भिंगातून एका वेळी जेवढं वर्तुळ दिसतं, तेवढ्यात साधारण पाचपर्यंत अशा पेशी धडधाकट माणसाच्या लघवीतही सापडतात.

गंमत त्याच्या पुढे आहे. त्याच दिवशी दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट उघडा. त्यात ‘न्यूट्रोफिल्स: ६२ टक्के’ असं काहीसं लिहिलेलं असतं आणि ते वाचून कोणाच्या पोटात गोळा येत नाही. ही न्यूट्रोफिल आणि ती पस सेल, दोन्ही एकच. रक्तात वाहत असेपर्यंत तिला एक नाव, लघवीत किंवा जखमेत भेटली की दुसरं. ज्या पुवाकडे बघून आपण तोंड फिरवतो, त्यातला मोठा हिस्सा आपल्याच अस्थिमज्जेत जन्मलेल्या पांढऱ्या पेशींचा असतो, काही मेलेल्या, काही मरायला टेकलेल्या. सोबत विरघळलेल्या ऊतींचा चिखल आणि रक्तातून पाझरलेलं पाणी. जंतू असतात, पण मापात बघितलं तर फार थोडे.

पू असलेल्या स्रावासाठी डॉक्टरांचा नेमका शब्द आहे ‘प्युरुलंट’. ऑपरेशन झालेल्या माणसाचं ड्रेसिंग बदलताना सिस्टर गॉज उचलतात, त्यावर काय लागलंय ते बघतात आणि केसपेपरवर नोंद करतात. स्राव पातळ, पिवळसर पाण्यासारखा असेल तर ‘सिरस’. रक्ताळ असेल तर ‘सँग्विनस’, दोन्ही मिसळलं असेल तर दोन्ही शब्द जोडून. दाट, गढूळ, पिवळा किंवा हिरवट असेल तर ‘प्युरुलंट’. नाकातून, घशातून, डोळ्यातून येणाऱ्या चिकट स्रावात पू मिसळला असेल तर ‘म्यूकोप्युरुलंट’. रुग्णालयात ‘डिस्चार्ज’ हा एकच शब्द स्रावासाठीही वापरतात आणि घरी सोडण्यासाठीही, त्यामुळे ‘डिस्चार्जच्या वेळी डिस्चार्ज नव्हता’ अशी वाक्यं तिथे गंभीर चेहऱ्याने लिहिली जातात.

‘प्युरुलंट’ या शब्दाच्या वापरात एक शिस्त आहे, ती मला फार आवडते. ‘प्युरुलंट’ ही डोळ्यांनी केलेली नोंद आहे. ‘इन्फेक्टेड’ हा त्यावरून काढलेला निष्कर्ष. चांगला डॉक्टर या दोहोंमध्ये अंतर ठेवतो. सर्दीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी नाकातला शेंबूड हिरवट होतो, आणि आपण ‘इन्फेक्शन झालं, अँटिबायोटिक द्या’ म्हणून हट्ट धरतो. तो रंग न्यूट्रोफिलचा असतो. साध्या विषाणूच्या सर्दीतही त्या पेशी जमतात, आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. हिरवा रंग एवढंच सांगतो की पेशी कामावर आल्यात. कोणाविरुद्ध आल्यात, ते सांगत नाही.

घरगुती मराठीला ही वर्गवारी कोणी शिकवावी लागली नाही. खरचटल्यावर जे चिकट, स्वच्छ पाणी सुटतं ती ‘लस’. जखम चिघळली की होतो तो ‘पू’. शाळेच्या मैदानात गुडघे फोडून घेतलेल्या पोरालाही हा फरक कळतो. आणि पू कुठे झाला यावरून नावं तर किती! केसाच्या मुळाशी झालं तर केसतूड, पापणीच्या कडेला रांजणवाडी, नखाच्या बाजूला नखुरडं, कुठेही मोठं उठलं तर गळू नाहीतर करट, आणि मधुमेह असलेल्याच्या मानेवर-पाठीवर एकाच ठिकाणी अनेक तोंडं पडली तर काळपुळी. पायाला जखम झाली की जांघेत गाठ सुजून येते, तिला अवधाण म्हणतात. जखम पायाला आणि गाठ जांघेत, हा संबंध म्हाताऱ्याकोताऱ्यांनी शरीररचनेचं पुस्तक न उघडता ओळखला होता. पायाकडून येणारी लसीका जिथे गाळली जाते त्या ग्रंथी जांघेतच असतात. शिवाय गळू ‘पिकतं’, ‘तोंड धरतं’, ‘फुटतं’, ‘ठणकतं’, आणि जखम ‘चिघळते’. वर्तमानपत्रांनी तर यातलं एक क्रियापद उचलून राजकारणाला दिलं. संप चिघळतो, आंदोलन चिघळतं, सीमाप्रश्न चिघळतो. रोज सकाळी चहाबरोबर आपण हे पुवाचं क्रियापद वाचतो आणि आपल्याला काहीच वाटत नाही.

‘पू’ हा शब्द संस्कृत ‘पूय’पासून आला. त्यामागचा धातू सडण्याचा आणि दुर्गंधीचा. लॅटिनमध्ये हाच शब्द ‘पस’ होतो, ग्रीकमध्ये ‘प्यॉन’. लॅटिन घराण्यातून ‘प्युरुलंट’ आला. ग्रीकमधून आले ते ‘पायोजेनिक’ म्हणजे पू करणारे जंतू, आणि जुन्या दंतमंजनांच्या जाहिरातींनी घरोघर पोहोचवलेला ‘पायोरिया’, म्हणजे शब्दशः पू वाहणं. म्हणजे आजी ‘पू झालाय’ म्हणते आणि नातू ‘पस झालाय’ म्हणतो, तेव्हा दोघं हजारो वर्षांपूर्वी फाटा फुटलेला एकच शब्द उच्चारत असतात. संस्कृतने मात्र इथे एक थट्टा करून ठेवली आहे. ‘पूति’ म्हणजे दुर्गंधी आणि ‘पूत’ म्हणजे शुद्ध. पावन, पवित्र हे शब्द ज्या ‘पू’ धातूपासून निघाले तो वेगळा, पण कानाला अगदी सारखा.

शब्दांकडून आता जुन्या उपचारांकडे वळू. दहिसरची नदी राष्ट्रीय उद्यानातल्या तुळशी तलावाकडून खाली येते. त्याच जंगलात कान्हेरीची लेणी आहेत, जिथे अनेक शतकं भिक्षू राहत होते. भिक्षूंच्या आचाराचे नियम ज्यात आहेत त्या पाली विनयपिटकात औषधांवर एक सबंध प्रकरण आहे, आणि त्यात पू आणि लस यांचा प्रश्न अगदी रोखठोक येतो. बुद्धांचे शिष्य आनंद यांचे उपाध्याय बेलट्ठसीस यांना त्वचेचा रोग होतो. स्रावामुळे चीवर अंगाला चिकटून बसतं, भिक्षू पाण्याने भिजवून ते सोडवत असतात. बुद्ध ते बघतात आणि अंगाला औषधी चूर्ण लावायची परवानगी देतात. दुसऱ्या एका भिक्षूला गळू होतं. तिथे परवानग्यांची रांगच लागते. शस्त्राने चिरायला परवानगी, तुरट काढ्याने धुवायला, तिळाचा लगदा लावायला, पोटीस बांधायला, पट्टी गुंडाळायला, वाढलेलं मांस मिठाच्या खड्याने कमी करायला, शेवटी तेल लावायला. एका ओळीतून दुसरी अडचण निघते आणि तिच्यावर उपाय येतो. वाचताना वाटतं, हे धर्मग्रंथाचं पान कमी आणि ड्रेसिंग रूमची वही जास्त.

सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानाचा सतरावा अध्याय याच विषयाला वाहिलेला आहे. सुजेच्या तीन अवस्था: आम, पच्यमान, पक्व. म्हणजे कच्ची, पिकत असलेली आणि पिकलेली. पिकत असताना सुया टोचल्यासारखं, मुंग्या चावल्यासारखं, विंचू डसल्यासारखं होतं, बसून चैन नाही आणि झोपून नाही. ज्याला करट झालंय त्याला हे वेगळं सांगायला नको. पिकल्यावर वेदना उतरते, त्वचेवर सुरकुत्या पडतात, आणि एका टोकाला दाबलं की पखालीतल्या पाण्यासारखा पू दुसऱ्या टोकाला सरकतो. आज एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला सर्जरीच्या वॉर्डात दोन बोटांनी हीच तपासणी शिकवतात आणि तिला ‘फ्लक्च्युएशन’ म्हणतात. सुश्रुताचा राग मात्र पाठ्यपुस्तकांत उरलेला नाही. कच्चं गळू चिरणारा आणि पिकलेलं तसंच सोडून देणारा, दोन्ही वैद्यांना तो सारखेच नालायक ठरवतो, आणि तेही फार कडक शब्दांत.

तिकडे युरोपात शतकानुशतकं एक वेगळीच समजूत रुजली होती: ‘चांगला पू’. जखमेत दाट, सायीसारखा, वास नसलेला पू जमला की वैद्य खूश व्हायचे, कारण आता जखम भरणार. तेराव्या शतकात इटलीतल्या थिओडोरिकने जखम पू न होताच भरली पाहिजे असं लिहिलं, पण त्याला फारसं कोणी विचारलं नाही. आज आपण या ‘चांगल्या पुवा’ला हसतो. मला ते हसणं थोडं अन्यायाचं वाटतं. दाट पू म्हणजे जंतू एका जागी कोंडले गेलेत आणि पेशी भरपूर आल्यात. पातळ, घाण वासाचा, रक्ताळ स्राव म्हणजे संसर्ग आत पसरतोय, आणि असा रुग्ण बहुतेक जगायचा नाही. अँटिबायोटिक नसलेल्या जगात या दोन पुवांमधला पहिला बघून आनंद होणं साहजिक होतं. तिसरी शक्यता, म्हणजे पू होऊच न देणं, ती १८६७ मध्ये जोसेफ लिस्टरने कार्बोलिक आम्लाच्या पट्ट्या वापरून दाखवली.

पुवाची आणि लसीची सीमारेषा किती महत्त्वाची असू शकते, याचा सर्वांत मोठा धडा मात्र मुंबईत गिरवला गेला.

१४ जून १८०२. मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर देवीची लस टोचली गेली. भारतात ही लस यशस्वीपणे उठल्याची ही पहिली नोंद. एडवर्ड जेन्नरने गाईच्या देवीचा प्रयोग केला तो १७९६ मध्ये. तेव्हापासून ती लस भारतात आणायचे प्रयत्न चालले होते, पण लांबच्या समुद्रप्रवासात ती निकामी व्हायची. शेवटी व्हिएन्नाहून बगदाद, बगदादहून बसरा आणि तिथून जहाजाने मुंबई, असा रस्ता जमला. अ‍ॅनाच्या दंडावर आलेल्या फोडातून घेऊन ती आणखी पाच मुलांना टोचली, आणि मग पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास असा तिचा प्रवास सुरू झाला. तेव्हा बाटली नव्हती, बर्फ नव्हता. एका लेकराच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर, अशी ती जिवंत ठेवायची.

टोचल्यावर आठवड्याभरात जो फोड येतो, त्यातला द्रव आधी स्वच्छ, पारदर्शक असतो. तेवढ्याच एक-दोन दिवसांत तो काढून घ्यायचा. उशीर झाला, फोडाभोवती लाली पसरली आणि आतला द्रव गढुळला, की तो पू झाला. तो टोचून देवीपासून संरक्षण मिळायचं नाही, वर दुसरीच जखम चिघळायची. जेन्नरने हे वेळेचं बंधन सोन्याच्या नियमासारखं पाळायला सांगितलं होतं. साखळीतल्या एका टोचणाऱ्याने लस आणि पू यांत गल्लत केली की साखळी तिथेच तुटायची. मराठीत त्या औषधाचं नाव पडलं ते ‘लस’. आज कोविडची, पोलिओची, गोवराची, कशाचीही असो, तिला आपण लस म्हणतो, लसीकरणाच्या रांगेत उभे राहतो, आणि हा शब्द मुळात फोडातून पाझरणाऱ्या स्वच्छ द्रवाचा आहे हे कोणाच्या ध्यानात नसतं. पुढे दंडावरून दंडावर टोचण्यातून इतर रोगही पसरतात हे लक्षात आलं आणि वासरांच्या कातडीवर लस वाढवायची पद्धत आली. बेळगावात टिळकवाडीच्या ज्या झाडीच्या आवारात ती तयार होत असे, त्याला लोक अजूनही ‘व्हॅक्सिन डेपो’ म्हणतात. १९७५ मध्ये भारतातून देवी गेली. पन्नाशी ओलांडलेल्यांच्या दंडावर मात्र तिच्या लसीचे गोल वण आहेत.

पुवातल्या जंतूंचा चिकाटीने माग काढणारा माणूस म्हणजे स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनचा सर्जन अलेक्झांडर ऑग्स्टन. १८८० मध्ये त्याने एका तरुणाच्या पायावरच्या गळवातून पू काढला, काचेवर पसरला, रंग दिला आणि घरी ठेवलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला. गोल ठिपक्यांचे घोसच्या घोस दिसले. पुढे त्याने कितीतरी गळवांचा पू तपासला. तापलेल्या, ठणकणाऱ्या गळवांत ते घोस किंवा साखळ्या होत्या, थंड गळवांत नव्हत्या. द्राक्षाच्या घडासाठीच्या ग्रीक शब्दावरून त्याने त्या घोसांना नाव दिलं, स्टॅफिलोकॉकस. आज पस कल्चरच्या, म्हणजे पुवातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीच्या, रिपोर्टवर जी नावं येतात त्यांत हे नेहमीचंच.

आता त्या ठणकणाऱ्या गळवात नेमकं काय चाललेलं असतं ते बघू.

आपलं शरीर रोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल बनवतं. रक्तात त्यांचं आयुष्य काही तासांचं, फार तर एखाद-दुसऱ्या दिवसाचं. बहुतेकींना कधी शत्रू भेटतच नाही. त्या नुसत्या फेऱ्या मारून संपतात. पण पायात काटा रुतला, त्याबरोबर जंतू आत गेले, की तिथल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतीवर काही प्रथिनं बाहेर डोकावू लागतात. वाहत्या रक्तातली न्यूट्रोफिल त्यांना अडकते, सुटते, पुन्हा अडकते, भिंतीवरून घरंगळत जाते आणि हळूहळू थांबते. विरार लोकल पुरती थांबायच्या आत दांडा धरून फलाटाबरोबर चार पावलं धावत उतरणारा दहिसरकर ज्याने पाहिलाय, त्याच्या डोळ्यांसमोर हे चित्र लगेच येईल. मग ती पेशी चपटी होते आणि भिंतीतल्या दोन पेशींच्या फटीतून अंग चोरून बाहेर पडते.

बाहेर पडल्यावर जायचं कुठे, हे तिला वासाने कळतं म्हटलं तरी चालेल. जंतू आपली प्रथिनं बनवायला सुरुवात करताना पहिल्या घटकावर एक छोटी रासायनिक खूण लावतात. आपल्या पेशी ती लावत नाहीत, फक्त त्यांच्यातल्या तंतुकणिका लावतात, ज्या स्वतःच अब्जावधी वर्षांपूर्वी जंतूंपासून आल्या. ही खूण जिकडे दाट, तिकडे न्यूट्रोफिल सरकत जाते. पोहोचली की जंतूला पोटात घेते आणि त्याच्यावर विष सोडते. त्यांतलं एक हायपोक्लोरस आम्ल. महापालिका पिण्याच्या पाण्यात क्लोरीन घालते तेव्हा पाण्यात तयार होऊन जंतू मारतं ते हेच आम्ल. आपल्या घरच्या नळात आणि आपल्या करटात एकच रसायन एकाच कामाला लागलेलं असतं! ते बनवणारं प्रथिन रंगाने हिरवं असतं. १९४१ मध्ये स्वीडनच्या केल अ‍ॅग्नरने ते वेगळं काढलं तेव्हा नावच हिरवेपणावरून ठेवलं होतं. पुवाची, कफाची, शेंबडाची हिरवट झाक त्याचीच.

निळसर हिरवा पू मात्र वेगळा. तो स्यूडोमोनास नावाच्या जंतूने स्वतः बनवलेल्या रंगामुळे होतो आणि पट्टीवर निळे डाग पाडतो. अमिबामुळे यकृतात होणाऱ्या गळवातून निघणारा चॉकलेटी द्रव तर खऱ्या अर्थाने पू नसतोच, ते विरघळलेलं यकृत असतं. इंग्रजी पुस्तकं त्याला ‘अँकोव्ही सॉससारखा’ म्हणतात. मुंबईच्या मेडिकल कॉलेजांतल्या पिढ्यांनी हा सॉस कधी न बघता ते वाक्य परीक्षेत लिहिलं. अँकोव्ही म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातला मासा, हे त्यांना कोणी सांगितलं असतं तर निदान दहिसर-गोराईकडच्या पोरांना थोडी तरी कल्पना आली असती.

मेलेल्या न्यूट्रोफिल फुटतात, त्यांच्यातली पाचक द्रव्यं बाहेर सांडतात आणि आसपासचं मांसही विरघळतं. शरीर त्याभोवती भिंत घालतं. आत दाब वाढत जातो, नसा आधीच हुळहुळ्या झालेल्या असतात, आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्या कोंडलेल्या जागेत एक धक्का पोहोचतो. तोच ठणका. रात्री सगळं शांत असताना नाडी मोजावी तसा तो मोजता येतो. या भिंतीच्या आत रक्तवाहिन्या नसतात, प्राणवायू कमी, आम्लता जास्त. म्हणून गोळ्या घेऊनही गळू बसत नाही, औषध आत पुरेसं पोहोचत नाही. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये १९५० च्या दशकात पेनिसिलिन बनू लागलं, त्यानंतर किती नवी औषधं आली, तरी सर्जन आजही जुनंच सांगतात: पू आहे तिथे वाट करून द्या. चिरा दिला, पू निघाला, की दोन मिनिटांपूर्वी विव्हळणारा माणूस सुस्कारा सोडतो. हे काम घरी नखांनी करू नये, नाक आणि वरच्या ओठाच्या भागात तर नाहीच. तिथल्या शिरा मेंदूजवळच्या शिरांना जोडलेल्या आहेत.

ऑग्स्टनला थंड गळवांत घोस दिसले नाहीत, त्याचं कारण मुंबईकराने जाणून घ्यावं असं आहे. अशी बरीचशी गळवं क्षयाची असतात. मानेत किंवा पाठीच्या मणक्याजवळ फुगवटा, पण ठणका नाही, लाली नाही. आतला पदार्थ पुवासारखा दिसतो, पण न्यूट्रोफिलची गर्दी तिथे नसते. क्षयाने मेलेल्या ऊतीचा तो चुरा. आणि लघवीच्या रिपोर्टात कधी उलट कोडं पडतं. पस सेल्स वीस-पंचवीस, कल्चरमध्ये मात्र काहीच उगवत नाही. याची कारणं अनेक, मुतखडा असू शकतो, अर्धवट घेतलेलं अँटिबायोटिक असू शकतं. पण आपल्याकडच्या डॉक्टरच्या मनात मूत्रपिंडाचा क्षय येऊन जातो, कारण क्षयाचे जंतू नेहमीच्या कल्चरच्या एक-दोन दिवसांत वाढत नाहीत, त्यांना कित्येक आठवडे लागतात.

आणि आता, या सगळ्यात मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट. १८६९ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या किल्ल्यात, जुन्या स्वयंपाकघरात थाटलेल्या प्रयोगशाळेत, फ्रीडरिश मीशर नावाचा तरुण स्विस डॉक्टर बसला होता. पांढऱ्या पेशी कशाच्या बनल्यात हे त्याला शोधायचं होतं, आणि पांढऱ्या पेशी ढिगाने कुठे मिळतील? जवळच्या शस्त्रक्रिया विभागातून तो पुवाने माखलेल्या पट्ट्या मागवायचा. लिस्टरची पद्धत अजून सगळीकडे पोहोचायची होती, त्यामुळे पट्ट्यांना तोटा नव्हता. पट्ट्या सोडियम सल्फेटच्या द्रावणात धुवायच्या, पेशी सुट्या करायच्या, त्यांची केंद्रकं वेगळी काढायची. त्या केंद्रकांतून त्याला एक पदार्थ मिळाला, ज्यात फॉस्फरस भरपूर होता आणि जो ओळखीच्या कुठल्याच प्रथिनासारखा वागत नव्हता. त्याने त्याला ‘न्यूक्लिन’ म्हटलं. त्याच्या गुरूंना, होपे-झायलर यांना, इतकी शंका आली की त्यांनी स्वतः सगळे प्रयोग पुन्हा करून पाहिले, आणि निबंध १८७१ मध्ये छापून आला. तो पदार्थ म्हणजे डीएनए. आनुवंशिकतेचा रेणू माणसाच्या हाती पहिल्यांदा लागला तो पुवाच्या पट्टीतून.

पुवात डीएनए इतकं का असतं, याचं अर्धं उत्तर उघड आहे, पेशी भरपूर म्हणून. उरलेलं अर्धं २००४ मध्ये बर्लिनमधल्या संशोधकांनी दिलं. काही न्यूट्रोफिल मरताना आपलं डीएनए उलगडून बाहेर फेकतात, आणि त्या चिकट धाग्यांच्या जाळ्यात जंतू अडकतात. जाळ्याला जंतू मारणारी प्रथिनं लगडलेली असतात. आईवडिलांकडून मिळालेला, शरीर घडवणारा तोच धागा शेवटी फास म्हणून वापरायचा, ही कल्पना कोणा कादंबरीकाराने लिहिली असती तर अतिशयोक्ती वाटली असती. पू दाट आणि चिकट असण्यात या धाग्यांचा मोठा वाटा असतो. म्हणून छातीच्या पोकळीत पू कोंडला आणि तो घट्टपणामुळे नळीतून बाहेर येईना, तर काही रुग्णांत दोन औषधं एकत्र सोडतात: एक गाठी विरघळवणारं, आणि दुसरं पुवातल्या डीएनएचे तुकडे करून तो पातळ करणारं.